सात नंबरची चिंधी

सातपूर, नाशिक
१२ जून १९८६

ती. लताताईस,
यादवचा सप्रेम जयभीम. वि. वि. इकडे सगळे बरे आहोत. इगतपुरीला कपडे वाळतात का गं तुझे?

बातमी वाईट आहे. आपलं तार गुंडाळायचं वाइंडिंग खातं कंपनी मलेशियाला नेतेय. चाळीस माणसं घरी बसणार, त्यात मीही. तुझं सात नंबरचं मशीनही चाललं. तू इथे कामाला होतीस तेव्हा लिव्हरखाली लुगड्याच्या काठाची चिंधी बांधलीस, तुझं पाहून सगळ्यांनी बांधली. फाटली की नवी, पण गाठ तुझीच. तिच्याशिवाय तार तुटते, हे साहेबांना अजून ठाऊक नाही.

युनियनचे अध्यक्ष मल्हारीमामा म्हणतात, गुपचूप चिंध्या काढून टाक, बसू दे तिकडे बोंबलत. काय करू?

दाजींना जयभीम. लोभ आहेच, तो ओला होऊ देऊ नकोस.
तुझा यादव

इगतपुरी
१९ जून १९८६

चि. यादवास,
ताईचा जयभीम व आशीर्वाद. पत्र वाचून आधी रडले. दुपारचे डबे, चांगुणाच्या ठेच्यावरची आपली झडप, सातची ती घरघर, सगळं डोळ्यांसमोर आलं. मग तुम्हा दोघांचा राग आला.

अरे गाढवा, चिंधी काढलीस तर बोलणी साहेब खाणार का? तिथे स्टुलावर बसलेली पोरगी खाईल! पहिल्या महिन्यात माझी तार रोज तुटायची. फोरमन सगळ्यांदेखत बोलायचा, मी संडासात जाऊन रडायचे. म्हणून तर काठ फाडला.

पण फुकटही देऊ नका. मामांना सांग, साहेबांसमोर चिंधी काढा नि मशीन चालवा. तार तुटू दे. मग म्हणा, ही अक्कल आमची आहे, आधी माणसांची सोय लावा. तोवर मशीनं पेट्यांत भरायला हात लावणार नाही. शेवटी सातच्या पेटीत चिंधी ठेव, सोबत तिकडच्या पोरीला चिठ्ठी. शाळेतल्या गुरुजींकडून इंग्रजीत लिहून घे, युनियनचा पत्ता घाल.

जेवत जा वेळेवर. माया आहे म्हणून बोलते.
तुझी ताई

देवळा
५ ऑक्टोबर १९८६

ती. ताईस,
जयभीम. वि. वि. साहेबांपुढे तार बारा वेळा तुटली. मामांनी मिशीवर हात फिरवला. अकरा दिवस बोलणी चालली आणि सव्वीस जणांना दुसऱ्या खात्यात घेतलं. लेकुरवाळी आधी, असं आम्हीच ठरवलं. मी एकटा जीव, मागे राहिलो. ओरडू नकोस.

आता इथे कांद्याच्या वखारीत काट्यावर असतो. हात अजून लिव्हर शोधतो गं. फार आठवण येते. पेटीत चिंधी नि चिठ्ठी ठेवलीय, तुझं नाव नि साहेबांपुढची सगळी हकीकत घालून.

आठवण ठेव, एवढंच मागणं.
यादव

देवळा
१७ जानेवारी १९८८

ती. ताईस,
जयभीम. वि. वि. चिठ्ठीला उत्तर आलं! मामा स्वतः एसटीने घेऊन आले. तिकडे सातवर बसणाऱ्या मुलीचं नाव सीती. मामा तिला सीताच म्हणतात. फोटो पाठवतोय. सातच्या लिव्हरखाली बघ, फुलाफुलांची नवी चिंधी आहे, आणि गाठ तुझीच. तिची तार पहिल्या दिवसापासून तुटली नाही, म्हणून खात्यातल्या सगळ्या पोरी विचारतात, लता कोण?

पण ताई, दीड वर्षही झालं नाही आणि मशीन आणखी दुसऱ्या देशात न्यायची बोलणी सुरू झालीत. मलेशियात कंपनी त्या पोरींना युनियन काढू देत नाही. सीती विचारते, साहेबांसमोर चिंधी काढायची तेव्हा बाजूला किती जणींनी उभं राहायचं?

उत्तर इंग्रजीत लिहायला इथल्या शाळेतले गुरुजी कागद घेऊन थांबलेत. मला सुचत नाही, तूच सांग. उलट टपाली लिही.
तुझाच,
यादव