साडेसहा इंच मागची काच

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

छपराचा पत्रा, वीस गेज, तीन तुकड्यांत. जोड कुठे आहे ते कुणीही बोटानं शोधून दाखवावं. दोन्ही दरवाजे. बॉनेट. पुढची मडगार्डं, बाभळीच्या साच्यावर ठोकून. डॅशबोर्ड. दोन्ही सीटच्या फ्रेमा. मागच्या काचेची चौकट. रंग सात हात, प्रत्येक हातानंतर पॉलिश पेपर. हे सगळं माझ्या हातांनी केलेलं. इंजिन, काचा आणि टायर तेवढे माझे नाहीत.

आज पूर्ण झाली. दोन वर्षं चार महिने. मूळ गाडी जपानी, दोन दारांची, साताऱ्यात एका बंगल्यामागे बारा वर्षं कुजत पडली होती. छपरात बोट घातलं की आत जायचं. कागदपत्रं मात्र जिवंत. मी छप्पर नवीन केलं आणि मूळ गाडीपेक्षा दोन इंच खाली घेतलं. मागची काच साडेसहा इंच उंच ठेवली. त्यामुळे छपराची रेघ पुढच्या काचेपासून डिकीपर्यंत कुठेही न अडखळता उतरते.

सातवीत शाळा सुटली. ट्रकच्या बॉड्या ठोकत शिकलो, तेही नुसतं बघून. ही रेघ मला कुणी शिकवली नाही.

५ जानेवारी, रविवार

बायकोला, मेहरुनला घेऊन हरिपूरला जाऊन आलो. लोक वळून बघत होते. एकानं बुलेट थांबवून फोटो काढला.

परत येताना मेहरुन म्हणाली, "मागचं काही दिसतंय का तुम्हाला?"

"गाडी पुढं जायला असते."

"मग मागचा गिअर कशाला ठेवलाय?"

दोन वर्षांत एक शब्द चांगला बोलली नाही. पहिल्या दिवशी हे!

६ जानेवारी, सोमवार

आरसा अकरा वेळा वळवून बघितला. वर छताचं कापड, खाली डिकीचं झाकण, मधे दोन बोटांची फट. त्या फटीत मोटरसायकलवाल्याचं पोट दिसतं, डोकं दिसत नाही. मागचे खांब अकरा-अकरा इंच रुंद. डाव्या खांबाआड सिटी बस अख्खी मावते, आज मोजली.

ठीक आहे. सवय होईल. ट्रकवाल्यांना कुठे मागचं दिसतं?

८ जानेवारी, बुधवार

सबा म्हणाली, "अब्बा, कॅमेरा लावा. दोन तासांचं काम आहे."

पोरगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिला प्रत्येक गोष्टीवर विकत मिळणारा उपाय माहीत असतो. माझ्या गाडीत माझ्या डोळ्यांना दिसलं पाहिजे, म्हणालो.

"पण दिसत नाही ना."

जेवलो नाही दुपारी.

९ जानेवारी, गुरुवार

कॅमेरा लावला. सबा कॉलेजला गेल्यावर.

गाडी मागं घेताना चालतो. पुढं जाताना बाजूला कोण आलंय ते सांगत नाही. शिवाय मार्केट यार्डातून एक फेरी मारली तर काच हळदीच्या धुरळ्यानं पिवळी. काढून टाकला. दोन भोकं पडली ती पडलीच. लांबीची पुट्टी भरून रंग मारला. जवळून बघितलं तर कळतं. मला कळतं.

११ जानेवारी, शनिवार



शेडबाहेर गाडी मागं घेत होतो. बनाबाई — आमच्या शेडला लागून राहतात, सत्तरीच्या आहेत — उन्हाला बसून पाटीत हळकुंडं निवडत होत्या. रोजच बसतात. आरशात बघितलं, मान वळवून बघितलं, कुणी नव्हतं. मग डिकीवर धाडधाड थापा.

उतरलो तर पाटी बंपरखाली चेपलेली, आणि बाई तिच्यापासून वीतभर लांब.

"आवं हुसेनभाई, म्या हितं बसलीया ह्ये कळायला आता ताशा वाजवू का?"

मी खाली वाकून पाटी ओढायला लागलो. त्याच म्हणाल्या, "पाटी गेली, मी हाय. बसा, पाणी प्या."

मीच त्यांच्या दारात बसून पाणी प्यालो. हळकुंडं गोळा करून दिली. नवीन पाटी संध्याकाळी आणून दिली. त्यांनी ती उलटीपालटी करून बघितली आणि पहिली बरी होती म्हणाल्या.

१२ जानेवारी, रविवार

शेड बंद ठेवून मोजमाप घेतलं. मी सीटवर, सबा मागं खडू घेऊन. खाली बसलेलं माणूस बंपरपासून एकोणीस फुटांपर्यंत मला दिसत नाही. उभं माणूस सात फुटांपर्यंत.

मग चूक सापडली. कुणाला सांगितलेली नाही, इथे लिहितो. छपराची रेघ आखली तेव्हा गाडीत सीट नव्हती. मी तेलाच्या रिकाम्या डब्यावर बसून डोळ्याची उंची धरली होती. त्या उंचीवरून मागचा रस्ता स्वच्छ दिसायचा, मला नीट आठवतं. सीट नंतर केली. चार इंची फोम घातला, छान गुबगुबीत. डोळा सव्वातीन इंच वर गेला.

अर्ध्या सुताचा फरक आला म्हणून मी दरवाजा दोनदा फोडला होता. आणि हे सव्वातीन इंच!

फोम काढून बसून बघितलं. मागचं थोडं दिसतं, पुढचं जातं, स्टिअरिंग नाकासमोर येतं. म्हणजे उपाय एकच. छप्पर कापायचं, दोन इंच उचलायचं, चौकट खालूनही कापून काच अकरा इंचांची करायची. मग ती रेघ राहणार नाही. साधी दोन दारांची गाडी होईल.

नाही जमायचं.

१५ जानेवारी, बुधवार

वडूजला गेलो होतो. दिग्विजयरावांनी बोलावलं होतं. त्यांचा पोल्ट्रीचा धंदा मोठा आहे. फोटो कुणाच्या तरी मोबाइलवर बघितला म्हणे. गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या, छपरावरून हात फिरवला.

"भाई, लय देखणी हाय. ह्यातला एक इंच बदलायचा न्हाई, हीच माझी अट."

"मागचं जरा कमी दिसतं," मी म्हणालो. म्हणालो खरं.

"मागचं कशाला बघायचं? मागचा बघंल की आपल्याकडं."

सगळे हसले. मीपण हसलो. दोन वर्षांत हा पहिला माणूस, ज्याला ती रेघ कळली. आकडा त्यांनी स्वतःहून सांगितला. मी ऐकून खाली बघितलं.

गाडी त्यांच्या मुलीसाठी, सोनियासाठी. एकोणीस वर्षांची. साताऱ्याला कॉलेज, रोज जाऊन-येऊन. तिनं अंगणात चालवून बघितली. मागं घेताना शेरडं उधळली. "पप्पा, मागं काय होतं?" तिनं विचारलं. पुन्हा सगळे हसले.

शुक्रवारपर्यंत सांगतो म्हणालो.

येताना विट्याच्या अलीकडे ट्रकला मागं टाकायला उजवीकडे घेतली. हॉर्नवर हॉर्न. स्कूटर होती, खांबाआड. नवरा-बायको, मधे लहान मूल. मातीत उतरले, पण पडले नाहीत. मी थांबलो. तो भांडला असता तर बरं झालं असतं. हळूच म्हणाला, "काका, लाइट पण मारली की. दिसलो न्हाई व्हय?"

"नाही दिसला," मी म्हणालो. पहिल्यांदा सरळ कबूल केलं.

१६ जानेवारी, गुरुवार

मेहरुनला आकडा सांगितला. ती खुर्चीत बसली. शेडचा मालक मार्चअखेर जागा रिकामी करा म्हणतोय. कुपवाडला एक गाळा आहे, एवढ्या पैशांत आपल्या नावावर होतो. चाळीस वर्षांत स्वतःच्या छताखाली कधी काम केलेलं नाही.

"देऊन टाका," ती म्हणाली. "त्यांना चालतंय ना तशी? मग तुम्हाला काय?"

बरोबर आहे तिचं. गाडी त्यांची, रस्ता त्यांचा, मुलगी त्यांची.

सबा भांडी पुसत होती. म्हणाली, "सोनिया माझ्यापेक्षा एक वर्षानं लहान आहे ना, अब्बा?"

मी तिच्यावर ओरडलो. खूप ओरडलो. ती पुसलेलीच ताटं परत पुसत राहिली.

१७ जानेवारी, शुक्रवार

सकाळी आधी छपरावर कटर चालवला, मग वडूजला फोन केला. उलट केलं असतं तर हो म्हणालो असतो. आहे तशी गाडी, एक इंच न बदलता, चौदा लाख पंचवीस हजार रोख देत होते. नको म्हणालो.