टेकडीची वाट आणि आमचा टिप्या

मंगळवार, संध्याकाळ

तेलाचा डबा कापून केलेलं सुपडं आज वापरलं. कडा दुमडलेल्या, दांडा कमरेइतका. कुणी शिकवलं नाही.

टेकडीवरच्या देवळाला लोक अनवाणी जातात, म्हणून वाटेवरची कुत्र्यांची घाण मी उचलतो. परवा मेंढपाळ भिवाला चारचौघांत झापलं होतं, तुझी कुत्री आवर म्हणून. आणि आज त्याच्यासमोरच आमचाच कुत्रा, टिप्या, भर वाटेत घाण करायला बसला!

भिवा म्हणाला, "राव, ह्यो बी माझाच का?"

सुपड्यात घेतलं, बाजूला खड्डा करून पुरलं. सुपडं मात्र झकास चालतं. मग म्हणालो, "भिवा, चुकलं माझं." जड गेलं, पण हलकं वाटतंय.

हिला सांगितलं, तर म्हणते, "तुमी चुकलं म्हणालात? आन् ते ऐकायला मीच नव्हते व्हय!"