सोमवारी मी येणार नाही

प्रिय पुंडलिक,

अनेक आशीर्वाद. मी, रूपराव निस्ताने, वाणिज्य शाखेचा पदवीधर, पुलगावच्या एका कापसाच्या जिनिंगमधील हिशेबनीस आणि तुझा थोरला भाऊ, हे पत्र तू येत्या सोमवारी पुन्हा वर्ध्याच्या दवाखान्यात जावेस म्हणून लिहीत आहे. गेल्या महिन्यात मी तुला तिथे नेले. दारूच्या तलफेविषयीच्या प्रत्येक प्रश्नाला तू मान खाली घालून "नाई" म्हणालास, आणि ज्याला तलफच नाही त्याला खाट कशी द्यावी, असे म्हणत डॉक्टरांनी तुला परत पाठवले. येताना एसटीत तुझी सौ. जयवंता आपल्या दोघांना सोडून पुढच्या बाकावर जाऊन बसली.

ती प्रश्नावली मूळ इंग्रजी. डॉक्टरांच्या विनंतीवरून मी ती मराठीत आणली. मग आंजीच्या अण्णाजी मास्तरांनी मूळ न पाहता माझ्या मराठीचे पुन्हा इंग्रजी केले. दोन्ही इंग्रजी कागद शेजारी ठेवले, तेव्हा अर्थ कुठेही ढळला नव्हता. मला समाधान वाटले, ते लपवत नाही.

तुझ्यानंतर आंजी गावी शाळेच्या पडवीत त्याच प्रश्नावलीची चाचणी घेतली. प्रश्न विचारायला मी खुर्चीवर, मंडळी सतरंजीवर. घरच्यांनीच आणलेली ही माणसे. काहींचे हात उघड थरथरत होते. तरीही सगळ्यांचे उत्तर "नाई". जिल्ह्यात दारूबंदी, म्हणून पोलिसांची भीती असेल असे समजून डॉक्टरांनी इथले काही पोलिसांकडे जाणार नाही, असा निर्वाळा दिला. उत्तर बदलले नाही. भाषांतरच फसले, असे त्यांना वाटू लागले. मी शब्दकोश घेऊन पुन्हा बसलो.

तुझी वहिनी देवकाबाई पोळ्या लाटता लाटता हे सगळे ऐकत होती. तिचे बोलणे तुला माहीत आहे. म्हणाली, "तुमाले पाहून ते लोकं बिडी इझवते, अन् दारूचं सांगतीन काय? त्या कागदाले काऊन दोष देऊन राह्यले? पयले तुमी खुर्चीवरून उठा."

मी उठलो. पुढच्या खेपेस प्रश्न विचारायला लहानू बसला. तो पूर्वी पीत असे, आता दवाखान्यातच मदतीला असतो. त्याच सतरंजीवर, मांडीला मांडी लावून, त्याने तेच प्रश्न त्याच शब्दांत विचारले. मी तोवर मास्तरांकडे चहा घेत होतो. डॉक्टरांनी नंतर नावे झाकून उत्तरे दाखवली. एकाने सांगितले होते, "सांजच्याले पोरगी पाण्याचा गिलास घेऊन येते, तं गिलास पाहूनच मन तिकडं जाते, गड्या. मंग पोरीवर खेकसतो." 

पुंडलिक, त्या दिवशी तुझ्या शेजारी मी बसलो होतो. वडील गेल्यापासून तू माझ्यासमोर कधी मोठ्याने बोलला नाहीस. तिथे तरी कसा बोलणार होतास? म्हणून सोमवारी मी येणार नाही. लहानू विचारील. जयवंता बाहेर बाकावर बसेल. तुझी उत्तरे मला दाखवू नयेत, असे मी डॉक्टरांना लिहून दिले आहे, आणि मीही तुला ती कधी विचारणार नाही. माझा मान तू आजवर राखलास. सोमवारी तो दाराबाहेर ठेव. परत जाताना उचलायला विसरलास तरी चालेल.

तुझाच,
रूपराव निस्ताने
पुलगाव, ९ जानेवारी १९८६