मापाचा माणूस

१ जून, सोमवार
माझ्या हातांनी केलेल्या वस्तू: स्वयंपाकघरातला ओटा, मुलीचा पाळणा, एक रेडिओ आणि सात व्हिडिओ गेममधली एकूण एक जागा, जिन्याच्या कठड्यासकट. शिकवायला मास्तर कोणी नव्हता. नव्या कंपनीच्या मालकांनी वर राहायची खोली, खाली कामाची खोली आणि झकास खुर्ची दिली. ही फोनवर म्हणाली, अहो, खुर्चीवर एवढे खूश होणारे तुम्हीच! चौदाला, रविवारी येतेय.

३ जून
खेळात समुद्रतळाशी काहीतरी निजलंय. मालक म्हणतात, दात-शेपट्या बघून पोरं हसतात. ते पडद्यात मावताच कामा नये. त्याच्या खिजगणतीतही आपण नाही, हे खेळणाऱ्याला कळलं पाहिजे. पटलं. दारं-पायऱ्या ताडून बघायला आम्ही प्रत्येक खोलीत एक करडा पुतळा उभा करतो, मापाचा माणूस. तयार पुतळा मला चालत नाही. टेप घेऊन स्वतःचं माप घेतलं, पार नखांपर्यंत, आणि तेच घातलं.

५ जून
साधलं! त्या निजलेल्याला मोठं करत बसलं की कॉम्प्युटर गुदमरतो. म्हणून माणूसच लहान करायचा, खोलीगणिक केसभर. तसा नियम लिहिला. मालक खेळून बघून घाम पुसत म्हणाले, काका, आपण मुंगीएवढे झालो असं वाटलं हो.

८ जून
शर्टाच्या बाह्या बोटांवर येतात. लाँड्रीवाल्याला झापलं. तो म्हणाला, साहेब, कापड आटतं, वाढत नाही.

९ जून
खुर्चीत बसलं की पाय लोंबकळतात. नियम उघडला. पुतळा माझ्याच मापाचा, आणि कुठे थांबायचं, तेच लिहायचं राहिलंय. माझ्याकडून! पण आत्ता काढला तर सगळ्यांसमोर चूक कबूल, आणि खेळात उरणार काय? उद्या गुपचूप काढतो.

१० जून
चादरीतून बाहेर पडेस्तोवर दुपार. जिन्याची प्रत्येक पायरी म्हणजे कडा. वायर धरून टेबलावर चढलो. वही इथेच आहे. डिलीटच्या बटणावर दोन्ही पायांनी उड्या मारल्या — दबत नाही. मालक आले, रिकामी खुर्ची बघितली. मी ओरडलो. त्यांनी कान खाजवला —

१२ किंवा १३
पेन्सिलीचं तुटलेलं टोक ढकलत लिहितोय. वहीच्या रेघा आता रस्त्याएवढ्या —

रविवार. असावा
ही आलीय. मालक सांगतायत, काका न सांगता निघून गेले. ही म्हणते, ते काम अर्धं टाकून जाणारे नव्हेत हो.
वाकली. तिचा चेहरा मावत नाही. डोळाच दिसतो, तोही निम्मा — त्यात पाणी — खाली पडलं तर मी —
माझ्याकडेच बघतेय. बघत नाही.
नियम पडद्यावर उघडा आहे. बटण दाब गं. एकदाच —
वाचता आलं तर एवढं कळू दे. पाच तारखेला मालक म्हणाले होते, काका, नियम आम्हाला विका, आमची पोरं तपासतील, चूकभूल काढतील. मी म्हटलं, माझ्या कामाला दुसऱ्याचा हात लागत नाही. देत होते पुरे साडेचार ला