पोटदुखीच्या एकतीस वह्या आणि एक घर

मी, कौसाबाई कोम मगन पाटील, वय वर्षे एकोणसाठ, धंदा पेन्शनर शिक्षिका, राहणार मौजे कोरीट, तालुका नंदुरबार, जिल्हा पश्चिम खानदेश, आज रोजी राजीखुशीने, कोणाच्या धाकाशिवाय आणि कोणाच्या लाडीगोडीशिवाय, हे मृत्युपत्र लिहून ठेवते ते येणेप्रमाणे.

माझी बुद्धी शाबूत आहे. खात्रीसाठी आज सकाळी एकोणतिसाचा पाढा म्हणून पाहिला. सातव्या घराशी अडले. परंतु तिथे मी वयाच्या नवव्या वर्षापासून अडते आहे, सबब तो म्हातारपणाचा दोष धरू नये. डोळे अधू झाले आहेत, गुडघे कुरकुरतात, जीभ पूर्वीसारखीच आहे.

कलम १. मी गेल्यावर माझ्या नावाने शाळेला सुट्टी देऊ नये. सुट्टी मिळाली की मुले उड्या मारतात, हा माझ्या वह्यांतला पक्का निष्कर्ष आहे. माझ्या मरणाच्या बातमीवर चाळीस मुलांनी उड्या मारलेल्या मला खपणार नाहीत. भाषणेही नकोत. माझ्याबद्दल चांगले बोलू शकतील असे लोक भाषण करत नाहीत, आणि भाषण करणारे सगळे माझ्या ओळखीचे आहेत.

कलम २. माझा भाऊ भिला याचा मुलगा उखा हा माझा एकुलता भाचा. मी सतराव्या वर्षी प्लेगात विधवा झाले, तेव्हा सासरहून मला भिलाने आणले आणि लोक काय वाटेल ते बोलत असताना धुळ्यास शिकायला पाठवले. त्या उपकारांची फेड म्हणून वडिलार्जित शेतातला माझा हिस्सा, दुभती म्हैस आणि तांब्याचा हंडा मी उखाला देते. उखा मनाचा वाईट नाही. फक्त गेल्या पावसाळ्यापासून तो माझ्या घरी येतो तेव्हा भिंतीची लांबी पावलांनी मोजतो आणि मी पाहिले की पायात काटा गेल्याचे दाखवतो. माझ्या पत्र्याच्या पेटीवर त्याचा विशेष जीव आहे.

"फुई, ह्या पेटीमा काय शे?" तो आपल्या आत्याला विचारतो.

"जे शे ते जड शे," मी सांगते. त्याला तेवढ्याने झोप लागत नाही.

तर पेटी उखालाच देते, कुलूप-किल्लीसह. आतील वह्या मात्र त्याच्या नाहीत. त्या काढून घेतल्यावर पेटी त्याच्या ताब्यात द्यावी.

कलम ३. या वह्या एकतीस आहेत. नंदुरबारचे दुकानदार रतनलाल दीपचंद यांच्याकडून मी त्या घेत आले. शेठ दर वेळी विचारत, "बाई, एवढं काय लिहिता?" मी सांगे, "पोटं." त्यांना वाटले मी वैदू झाले. एकदा त्यांनी स्वतःच्या आम्लपित्ताचे औषधही विचारले.

खरे ते आता लिहिते. यात माझी एक चूक आहे, आणि ती मी कोणाला सांगितलेली नाही.

सन १९०९ साली मी एका खेड्यातल्या शाळेत बिगरीवर, म्हणजे पहिलीच्याही आधीच्या लहान मुलांच्या वर्गावर, होते. गावाचे नाव लिहीत नाही, कारण शाळा अजून तिथेच आहे. माझ्या वर्गात खात्या नावाचा भिल्ल जमातीतला सात वर्षांचा मुलगा होता. मी पुस्तकातले चित्र दाखवून विचारले, "हे काय आहे?"

तो उभा राहून मोठ्याने म्हणाला, "हाई बकरी शे!"

"ही शेळी आहे, म्हण."

"हाई बकरी शे."

तीन वेळा झाले. वर्ग हसला. मला वाटले, हा मुद्दाम करतो आहे. मी त्याच्या गालावर मारले. खरी गोष्ट ही, की मी स्वतः घरी बकरीच म्हणत होते, बकरीचेच दूध पीत होते, आणि शेळी हा शब्द मला धुळ्याला जाईपर्यंत ठाऊक नव्हता.

खात्या खाली बसला. त्या दिवसापासून तो शाळेत एक शब्द बोलला नाही. मी गूळ दिला, गोष्टी सांगितल्या, त्याच्याच बोलीत विचारून पाहिले. नाही. म्हणून मी एका वहीत लिहायला लागले: "खात्या. आज बोलला नाही." असे चार महिने लिहिले. पाचव्या महिन्यात तो यायचाच बंद झाला. पहिली वही ती.

पुढे मला सवय लागली. कोणते मूल केव्हा रडते, केव्हा हसते, केव्हा नखे खाते, हे मी टिपू लागले. त्यात एक गोष्ट ध्यानात आली. बिगरीत पोटदुखी फार होती, आणि ती वार पाहून होत होती.

कलम ४. हे कलम श्री. धनसिंग गिरासे गुरुजी यांच्याविषयी असून त्यांनी ते बसून वाचावे.

गिरासे गुरुजी सन १९११ साली आमच्या शाळेवर हेडमास्तर म्हणून आले. माणूस शिस्तीचा, अक्षर मोत्यासारखे, हातात छडी. बुधवारी आणि शनिवारी ते बिगरीचे पाढे स्वतः घेत. माझ्या वहीप्रमाणे पोटदुखीही बुधवारी आणि शनिवारी. आठवड्याला सरासरी एकोणीस पोटे. मग गुरुजींना बसता येऊ नये अशा ठिकाणी गळू झाले आणि ते तीन आठवडे रजेवर गेले. त्या तीन आठवड्यांत एकूण दोन पोटे दुखली. दोन्ही कच्च्या बोरांनी.

त्या गळवाचे मी मनापासून आभार मानते. विद्येच्या क्षेत्रात त्याने मोठे काम केले.

गुरुजींना वहीचा पत्ता लागला. ते म्हणाले, "बाई, शाळा म्हणजे दवाखाना नव्हे. ही वही चुलीत घाला."

मी म्हटले, "गुरुजी, दवाखाना असता तर डॉक्टरने लिहिली असती. इथं कोणी नाही म्हणून मी लिहिते."

"पाढे न येता मुलं मोठी झाली तर?"

"मला एकोणतीसचा येत नाही. मी मोठी झाले."

हे बोलायला नको होते. त्यांनी मनात ठेवले, आणि सन १९१७ च्या तपासणीला शाळा तपासणारे दिपोटी साहेब आले तेव्हा सगळ्यांसमोर तक्रार केली की बिगरीच्या बाई शिकवायचे सोडून मुलांची दुखणी लिहीत बसतात. साहेब म्हणाले, "आणा पाहू वही."

मी वही दिली. नोकरी गेली असती तर भिलाच्या दारात परत बसावे लागले असते. साहेबांनी उलटसुलट पाने चाळली, वार पाहिले, आकडे पाहिले, रजेचे तीन आठवडे पाहिले. मग शेवटची नोंद, त्याच सकाळची, त्यांनी मोठ्याने वाचली.

"धनसिंग गिरासे. वय चव्वेचाळीस. इयत्ता हेडमास्तर. सकाळपासून तीनदा बाहेर. कारण, तपासणी."

गुरुजींचा चेहरा नंदुरबारच्या बाजारातल्या मिरचीसारखा झाला. साहेब इतके हसले की फेटा सैल झाला. हसून झाल्यावर त्यांनी फेटा नीट केला. मग हळूच म्हणाले, "कलेक्टर साहेबांचा मुक्काम असला की माझंही असंच होतं हो, बाई."

शेरेबुकात त्यांनी लिहिले, "बिगरीच्या शिक्षिका निरीक्षण बारकाईने करतात. त्यांस अधिक वाव मिळेल अशा ठिकाणी पाठवावे." वाव म्हणजे काय ते महिन्याने बदलीच्या हुकुमावरून कळले. खांडबारा स्टेशनावर उतरून पुढे अर्धा दिवस बैलगाडी, आणि मग जंगलातल्या पाड्यावर एक गवताने शाकारलेली खोली. हेडमास्तर मी, शिपाई मी, बिगरीही मीच.

साहेबांनी मला शिक्षा दिली की बक्षीस, ते मला चोवीस वर्षांत उमगले नाही. ते वारले आहेत. त्यांच्यावरचा माझा राग आणि त्यांच्याविषयीची कृतज्ञता दोन्ही मी या कलमाने सोडते.

कलम ५. त्या पाड्यावर मुलांची बोली मला कळेना, माझे मराठी मुलांना कळेना. मी ठरवले, आधी मी शिकायचे. रोज सकाळी मुलांनी मला पाच शब्द शिकवायचे, मग मी त्यांना पाच. परीक्षा दोघांचीही. एका पोरीने माझ्या पाटीवर भले मोठे शून्य काढले आणि उद्या पाठ करून ये म्हणून बजावले. त्या दिवशी वहीत मी लिहिले, "सर्व मुले हसली. पोटदुखी नाही. शिक्षिकेस थोडी." पहिल्या वर्षी पटावर अकरा मुले होती, तिसऱ्या वर्षी अडतीस.

शाळेला सरकारी छडी मिळाली होती. ती मी वालाच्या वेलाला रोवली. साहित्याच्या यादीत तिच्यापुढे दर वर्षी "वापरात" असा शेरा मी लिहीत असे. त्यात खोटे काही नाही. ती छडी सरकारची असल्याने कोणास देता येत नाही. वाल उतरल्यावर खुशाल परत न्यावी.

कलम ६. सन १९२९ च्या उन्हाळ्यात खांडबारा स्टेशनावर गाडीची वाट पाहत होते. रुळांवर काम करणाऱ्या गँगमधला एक माणूस फावडे टेकून माझ्याकडे पाहत राहिला. मी ओळखले नाही. त्याने ओळखले.

"बाई, मी खात्या."

माझ्या तोंडून पहिले तेच निघाले. "खात्या, मी तुला मारलं होतं रे."

"याद शे," तो म्हणाला. "डावा गाल व्हता."

रागाने म्हणाला नाही. नोंद असावी तसा म्हणाला. मी विचारले, लेकरे किती. एक मुलगी, सहा वर्षांची, रंजना. शाळेत घातली का? तो खाली पाहू लागला.

"माले धाडानी नही. तिले कोनी मारं तं?"

"माझ्या शाळेत पाठव. मी मारणार नाही."

तो म्हणाला, "तवय बी तू मारनारी बाई नव्हती. तरी मारंच ना."

गाडी आली, मी चढले नाही. फलाटावर बसून राहिले. शेवटी तोच जवळ येऊन म्हणाला, "पहिले मी बसी देखसू. मंग ती बसी."

आणि तो खरेच आला. कामावरून आठ दिवसांची सुट्टी घेऊन आला, आणि सत्तावीस वर्षांचा गडी बिगरीच्या मुलांत मांडी घालून बसला. मी चित्र दाखवले की मुले आपापल्या बोलीत नाव सांगत, मग तो त्याच्या बोलीत सांगे, मग मी पुस्तकातले. तिसऱ्या दिवशी तो एका मुलाची मान धरून म्हणाला, "नीट सांग!" मी म्हटले, "खात्या, हात खाली." सगळा वर्ग हसला, तो सगळ्यांत जास्त. नवव्या दिवशी रंजना आली, आणि त्याच पाड्यावर मामाकडे तिचे राहणे ठरले.

रंजना आज अठरा वर्षांची आहे. मराठी सातवी पास होऊन धुळ्यास शिक्षिकेच्या ट्रेनिंगला आहे. सर्व एकतीस वह्या मी तिला देते. माझी मते तिला पटणार नाहीत तिथे तिने बेधडक काट मारावी. आकड्यांवर मात्र मारू नये, ती मुलांची पोटे आहेत.

कलम ७. कोरीट येथील माझे दोन खोल्यांचे घर, अंगणासह, मी बिगरीच्या वर्गासाठी देते. वर्ग रंजनाने चालवावा. पोस्टातली शिल्लक पाट्या, माठ आणि छपराच्या कौलांच्या खर्चाला लावावी. मूल घरी जी बोली बोलते ती या घरात चालेल. रडणाऱ्या मुलाला "गप्प बस" म्हणणाऱ्या मोठ्या माणसाने अंगणात जाऊन स्वतः गप्प बसावे. उखाने भिंती मोजून ठेवल्याच आहेत, तेव्हा किती मुले मावतील ते त्याला विचारावे.

कलम ८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी करण्यास श्री. धनसिंग गिरासे गुरुजींना नेमते.

हे वाचून लोक चकित होतील. मीही होते. चोवीस वर्षांत आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. गेल्या महिन्यात मी नंदुरबारला त्यांच्या घरी गेले. ते अडुसष्ट वर्षांचे झाले आहेत. ओटीवर नातवाला पाढे देत होते. नातू मांडीवर बसला होता आणि चुकला की त्यांच्या मिशा ओढत होता.

मला पाहून ते उठले. म्हणाले, "बाई, वही आणली का?"

"नाही. काम आणलंय."

सगळे ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारले, "मीच का?"

मी खरे ते सांगितले. "तालुक्यात कागदाची प्रत्येक ओळ वाचणारा दुसरा माणूस मला ठाऊक नाही. आणि तुम्ही असताना त्या घरात शाळा चालवणाऱ्या बोर्डाचं गोदाम कोणी करू धजणार नाही."

ते मग म्हणाले, "त्या घरात माझं काय काम? मुलं मला भितात."

"पूर्वी भीत. आता मिशा ओढतात."

त्यांनी होकार दिला. एका ऱ्हस्व-दीर्घाला एक छडी असा ज्यांचा भाव होता, त्यांच्यापुढे हा कागद ठेवायला मला अजून धास्ती वाटते. पण ठेवते आहे.

यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. हे एकच, आणि ते मी माझ्या हाताने, माझ्या समजुतीने लिहिले असून खालील दोघांच्या समक्ष सही केली आहे.

मुक्काम नंदुरबार, तारीख १४ माहे नोव्हेंबर सन १९४१.

(सही) कौसाबाई कोम मगन पाटील

साक्षीदार :

१. रतनलाल दीपचंद, दुकानदार, नंदुरबार. बाईंनी माझ्यासमोर सही केली. पोटांचे आज समजले.

२. धनसिंग गिरासे, पेन्शनर हेडमास्तर, नंदुरबार. बाईंनी माझ्यासमोर सही केली. मजकूर बसून वाचला. शुद्धलेखनाच्या नऊ चुका आढळल्या. त्या तशाच राहू दिल्या आहेत.