बिअरच्या हंड्याला काय काय लावावं, याविषयी हाल्वरभावोजींना चार शब्द

तीर्थरूप हाल्वरभावोजींस, तोरलाइवचा सादर नमस्कार.

आम्ही इकडे ठीक आहोत. तुमचा गुडघा आता जिना मानतो की अजून रुसूनच आहे, ते कळवावं. सिग्रूनताईचा खोकला गेला असेल अशी आशा. चार वर्षांत पत्र नाही याचं तुम्हाला आश्चर्य वाटलं असेल. (आईच्या दिवसांना मी काढलेल्या बिअरचा घोट घेऊन तुम्ही “सूप छान झालंय” म्हणालात, त्याचा या खंडाशी काही संबंध नाही. मी कामात होतो.) पत्राचं कारण एवढंच, की तुम्ही नवा हंडा घेण्याच्या विचारात आहात असं ताई बोलल्याचं मला वाटतं, आणि घरच्या माणसाची फसगत होऊ नये.

मी मे महिन्यात साठ लिटरचा स्टीलचा हंडा घेतला. हंडा म्हणजे नुसतं भांडं, खरी गंमत त्याला लावायच्या सामानात, असं मी कुठेतरी वाचलं होतं. म्हणून बर्गेनला गेलो. दुकानात एक बाई होत्या, वयाने आपल्या सिनोवएवढ्या. मी हंड्याच्या भिंतीत बसवायचा थर्मामीटर मागितला, पातळी दाखवणारी काचेची नळी मागितली, उकळलेला जवाचा काढा गार करायचं तांब्याचं वेटोळं मागितलं आणि पितळी तोटी मागितली. बाईंनी सगळं निमूटपणे काढून दिलं आणि मग म्हणाल्या, “तोटीला आतून जाळी घ्या. बाकी सगळं राहिलं तरी चालेल, जाळी नाही चालणार.” ती जाळी सगळ्यांत स्वस्त होती. भावोजी, जी वस्तू सगळ्यांत स्वस्त ती सगळ्यांत गरजेची, असं सांगणाऱ्या दुकानदारावर मी आयुष्यात विश्वास ठेवलेला नाही. मी नको म्हणालो.

घरी आल्यावर ड्रिलने तीन भोकं पाडली. मारित गोठ्याच्या दारात उभी राहून बघत होती. “पाणी साठवायचंय ना त्यात?” एवढंच म्हणाली आणि गेली. (तुमच्या मेहुणीचा स्वभाव तुम्ही जाणताच. मेहुणी नव्हे, पण मेव्हण्याच्या बायकोला काय म्हणतात ते मला या क्षणी आठवत नाही.) काचेच्या नळीवर लिटरच्या खुणा करायच्या होत्या, त्या मी दुधाच्या जुन्या बादलीने मापून केल्या. बादली दहा लिटरची नसून बाराची आहे, हे त्या बादलीने वीस वर्षं आमच्यापासून लपवून ठेवलं होतं.

मंगळवारी उकळायला घेतलं. जुनिपरच्या झुडपाच्या फांद्या, जव, सगळं वडिलांच्या रीतीने. वास इतका सुरेख सुटला की मला वडील आठवले. शेवटच्या पाव तासात हॉप्सची कडू फुलं टाकली आणि वेटोळं आत सोडलं. आता थर्मामीटरची दांडी आत वीतभर येते आणि वेटोळं गोल असतं, या दोन गोष्टी मला वेगवेगळ्या ठाऊक होत्या. एकत्र त्या मला त्या दिवशीच भेटल्या. वेटोळं अडलं, मी जरा जोर लावला, आणि थर्मामीटर बाहेर येऊन समोरच्या भिंतीवर आपटला. त्याच्यामागून गरम काढा आला.

मी धावत तोटी उघडली, निदान बादल्या तरी भरतील म्हणून. फुलं तोटीत जाऊन बसली होती. थेंब, मग अर्धा थेंब, मग काहीच नाही. मी मारितला हाक मारली. ती स्वयंपाकघरातून चालत आली (चालत), एकदा बघितलं, परत गेली, गाजर आणि लाटणं घेऊन आली, आणि थर्मामीटरच्या भोकात गाजर ठोकलं. मग ओगराळं माझ्या हातात देऊन म्हणाली, “उपस आता.” मी उपसलं.

तेव्हा माझा सल्ला असा: आधी जाळी, मग तोटी, मग लांब दांड्याचं ओगराळं. थर्मामीटर दोरीने वरून सोडावा. हंड्याच्या भिंतीला भोकं पाडू नयेत. वेटोळं चांगलं आहे, पण त्याला आत एकटं राहू द्यावं.

सिग्रूनताईला नमस्कार. गुडघ्याला जपा.

आपला,
तोरलाइव

ता. क. – तुम्ही तीस वर्षं तांब्याच्या हंड्यात बिअर काढता आणि तुम्हाला नवा नको आहे, हे मला माहीत आहे. ताई तसं काही बोललेली नाही. सिनोवचं लग्न बावीस जूनला आहे. नवरीच्या बापाने बिअर काढायची असते आणि पाहुणे ऐंशी आहेत. माझ्याकडे एकोणीस लिटर आहे. चव सुपासारखी आहे.

ता. क. २ – वरचं वाचून मारित म्हणते, माणूस बिअरसाठी बोलवायचा असतो का? तिचं खरं आहे. सिनोवला मी काल विचारलं, बिअर कमी पडली तर काय करू. ती म्हणाली, “दुकानातून आणा बाबा, मला काही वाटणार नाही. आतोबा येणारेत का, तेवढं सांगा.” मी हो म्हणून बसलो आहे. पोरीला कधी खोटं सांगितलेलं नाही, भावोजी.