दीक्षाच्या लग्नात रंगादादा बोलला

गडमुडशिंगी

आदरणीय धोंडाक्का हिस,

धाकट्या बाबासोचा सप्रेम जयभीम. गुडघा कसा आहे? व्यायाम करवून घ्यायला येणाऱ्या पोरीला तू चहा पाजून तशीच परत पाठवतीस, असं गारगोटीहून आलेल्या माणसानं सांगितलं. तसं करू नकोस. इकडं सगळी बरी आहेत. पत्र बघून दचकू नकोस. फोनवर सांगितलं असतं, पण तू मधीच दूध उतू गेलं म्हणतीस, आणि ही गोष्ट अर्धवट ऐकून चालायची नाही.

दीक्षाचं लग्न छान झालं. त्रिशरण झालं, हार घालून झाले, आणि आपल्या प्रसेनजीतनं माइकवर सांगितलं, "आता पप्पा दोन शब्द बोलतील." रंगादादाला जाऊन वर्ष झालेलं. मला वाटलं, पोरगं जागरणानं बरळतंय. तेवढ्यात पडद्यावर दादा आला. (कॉम्प्युटरला फोटो दिला की तो माणसाला बोलका करतो म्हणे. आवाज तयारच मिळतो, आपण फक्त मजकूर द्यायचा.) कोट घातलेला, पुढचा पडलेला दातही परत आलेला. म्हणाला, "माझी लाडकी कन्या दीक्षा, आज माझे अंतःकरण भरून आले आहे." आता तूच सांग, आख्खा जन्म फौंड्रीच्या आवाजात गेलेला आपला दादा, साधं मीठ मागितलं तरी शेजारचा दार उघडायचा. आणि हा बोलतोय रेडिओवर बातम्या दिल्यासारखा. तरी बायका रडायला लागल्या. नवऱ्याकडच्या एका म्हाताऱ्यानं मला हळूच विचारलं, "पावणं परदेशात असत्यात व्हय?" मी मान हलवली.

मग पडद्यावरचा दादा म्हणाला, "प्रिय बायडा, तुझ्या त्यागाचा मी ऋणी आहे." बायडावहिनीनं चक्क मागं वळून बघितलं, ही दुसरी बायडा कोण म्हणून. (दादा तिला 'अगं ए' म्हणायचा, हे तुला ठाऊकच आहे.) मग ती उठली, स्टेजवर गेली आणि माइक मागून घेतला.

"ह्यो माणूस चांगला हाय," ती म्हणाली, "पण आमचा न्हाय. बंद कर बाळा."

आणि पुढं, आक्का, तिनं दादाचाच आवाज काढला. "दीक्षे, तिकडं गेलीस म्हणून गप बसू नगंस. कोण काय बोललं तर मला सांग, मी येतो. आन् पावणं, न जेवता हललासा तर बघा." माइकची गरज नव्हती. लोक हसले, आणि तोवर कोरडी बसलेली दीक्षा आईच्या गळ्यात पडून रडली.

प्रसेनजीत मात्र स्टेजमागं पाण्याच्या खोक्यांवर जाऊन बसला. वहिनी ताट घेऊन त्याच्याकडं गेली, मागनं मी.

"मला वाटलं, तुला बरं वाटंल," तो म्हणाला.

"वाटलं की. पण ते ऋणाबिणाचं तुझा बाप कधी बोलला न्हाय रं. न बोलताच गेला. ते तसंच ऱ्हाऊ दे." आणि पोराला स्वतःच्या हातानं भरवलं.

बाकी सगळं ठीक. भावोजींना जयभीम सांग.

तुझा,
बाबासो

ता. क. दादाला टाइप करता येत नव्हतं, म्हणून तो तुला सकाळ-सकाळी आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा. त्यातला एखादा राहिला असंल तर पाठव. शिव्या असल्या तरी चालतील. पण प्रसेनजीतला देऊ नकोस. पोरगं मनानं चांगलं आहे, पण हातात आवाज पडला की त्याला बापाकडनं आणखी काहीतरी बोलवून घ्यावंसं वाटंल. फक्त वहिनीसाठी पाठव.

आणखी एक. वहिनीनं काही मागितलेलं नाही. मागणारा मीच आहे.